घरचा फराळ भेट द्यायचाय? घरांच्या यादीपासून परदेशच्या पार्सलपर्यंत

घरच्या फराळाची भेट कढईत क्वचित बिघडते. बिघडते ती डब्यात. कोमट असतानाच भरलेल्या चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, लसणाच्या शेवेचा वास शेजारच्या बेसनलाडवांना लागतो, करंज्यांच्या कडा तुटून तळाशी नुसतं सारण उरतं. वरून डब्याला सुंदर खणाचं कापड आणि गोंडा लावलेला असतो, म्हणून देताना कुणाच्या लक्षात येत नाही. घेणाऱ्याच्या मात्र येतं.

मी गेली बरीच वर्षं दिवाळीत गावातल्या, परगावच्या आणि परदेशातल्या घरांना फराळ पाठवते. यंदा पहिल्यांदाच हे करणार असाल, तर खालचा क्रम धरा: आधी घर, मग पदार्थ, मग डबा, आणि कापड सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण सुंदर खोकी विकत आणून सुरुवात करतात आणि मग त्या खोक्यांत मावेल असं काहीतरी भरत बसतात. तसं करू नका.

## १. घरांची यादी करा (लक्ष्मीपूजनाच्या चार आठवडे आधी)

कागदावर प्रत्येक घरापुढे तीन गोष्टी लिहा: किती माणसं, डबा किती दिवसांनी त्यांच्या हातात पडणार, आणि कुणाला काय चालत नाही.

चारजणांच्या घराला पाव किलो चिवडा, पाव किलो शंकरपाळे, दहा चकल्या, सहा लाडू आणि सहा करंज्या पुरेशा होतात. सगळं मिळून साधारण सव्वा किलो भरतं. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना याच्या निम्मं द्या, पण चिवडा कमी करू नका. वसतिगृहात तोच पहिल्यांदा संपतो.

पथ्यं आधीच विचारून घ्या. शेंगदाणा किंवा काजू न चालणारी मुलं आता बऱ्याच घरांत असतात. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी भाजणीची चकली आपण बिनधास्त देतो, कारण भाजणी तांदूळ आणि डाळींची. पण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. अशा घरासाठी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, नाहीतर हिंगाशिवाय वेगळा घाणा काढा.

आणखी एक घर यादीत असू द्या. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, तिथे पहिल्या दिवाळीत फराळ करत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक नेऊन देतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते आणि शहरांत ती विरळ होत चालली आहे. त्या घरी चकचकीत खोकं, तोरण, 'शुभ दीपावली'चं कार्ड असं काही नको. स्वच्छ स्टीलचा डबा, वर धुतलेला साधा रुमाल, आणि शक्य असेल तर डबा स्वतः नेऊन द्यायचा. कुरिअर करायचं नाही. दहा मिनिटं बसायचं. या घराचा डबा मी सगळ्यांत आधी भरते.

## २. पदार्थ ठरवा: किती टिकतं ते पाहून

हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, घरच्या फराळाचं आयुष्य साधारण असं:

- चिवडा, साधी शेव, शंकरपाळे, कडबोळी: तीन ते चार आठवडे
- भाजणीची चकली, बेसनलाडू: दोन ते तीन आठवडे
- सुक्या खोबऱ्याची करंजी, साखर वरून भुरभुरलेले चिरोटे: साधारण दोन आठवडे
- ओल्या नारळाची करंजी, नारळ घातलेले रवालाडू: दोन-तीन दिवस, तेही हवा दमट नसेल तर

शेवटची ओळ फक्त शेजाऱ्यांसाठी आणि त्याच दिवशी घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी. परगावच्या डब्यात ओला नारळ घालायचाच नाही.

चिवड्यात आधी खवट होतात ते शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. पोहे नंतर. डबा लांब जाणार असेल तर हे दोन्ही कमी घाला आणि डाळं वाढवा. एकदा तळणीला वापरलेलं तेल भेटीच्या फराळाला पुन्हा वापरू नका. तुम्हाला आज वास येणार नाही, तिकडे पंधरा दिवसांनी येईल.

अंदाजासाठी: अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर घेतली की मध्यम आकाराचे २५ ते २८ लाडू होतात. अर्धा किलो पातळ पोह्यांचा सगळं घालून पाऊण ते एक किलो चिवडा होतो. यावरून घरांच्या संख्येने गुणा आणि मग किराणा भरा. पहिल्या वर्षी तीनच पदार्थ करा: चिवडा, शंकरपाळे, बेसनलाडू. तिन्ही टिकतात, तिन्ही प्रवास सोसतात. चकली आणि करंजी पुढच्या वर्षी.

## ३. करण्याचा क्रम

अनारसे करणार असाल तर पीठ सगळ्यांच्या आधी घालावं लागतं. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलत भिजवायचे, पंचावर सावलीत सुकवायचे, किंचित दमट असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळे चार-पाच दिवस मुरू द्यायचे. भेटीसाठी नवख्यांनी अनारशांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते तुपात हसले, म्हणजे विरघळून सुटले, तर पुन्हा सगळं पीठ हाताशी धरावं लागतं.

बाकी क्रम सोपा. आधी शंकरपाळे, मग लाडू, मग चिवडा, शेवटी चकली आणि करंजी. डबे भरायच्या आदल्या दिवशी तळण संपलेलं असावं, म्हणजे सगळ्याला रात्रभर निवायला वेळ मिळतो. कोकणात आणि मुंबईत परतीचा पाऊस रेंगाळत असेल तर तळलेलं उघड्या खिडकीपाशी गार करू नका. खिडकी लावून पंख्याखाली ठेवा.

तेल निथळायला आपल्याकडे हाताशी येतं ते वर्तमानपत्र. ते वापरू नका. छपाईच्या शाईतले घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात, आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात अन्न ठेवू किंवा बांधू नका असं वारंवार सांगितलं आहे. आधी भोकांच्या चाळणीत निथळवा, मग धुतलेल्या सुती कापडावर पसरा.

## ४. बांधणीचं सामान

- झाकण घट्ट बसणारे डबे: स्टीलचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचे
- बटर पेपर
- लाडवांसाठी कागदी वाट्या
- खाद्यपदार्थांच्या जाड पिशव्या आणि त्या बंद करायला छोटं सीलिंग मशीन (मेणबत्तीवर कड धरून चिकटवलेली पिशवी प्रवासात हमखास सुटते)
- बाहेरच्या बांधणीसाठी कापड किंवा हातकागद
- सुतळी किंवा जाड सुती दोरा, कात्री, पक्क्या शाईचं पेन
- परगावी पाठवायचं असेल तर पाच थरांचा पुठ्ठ्याचा खोका आणि रुंद चिकटपट्टी

पुण्यात डबे आणि पिशव्यांसाठी बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार टाळा. चांगला कागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून चालू असलेली हातकागद संस्था आहे. तिथला जाड, किंचित खरखरीत कागद घडी फार छान धरतो आणि त्यावर हाताने काढलेली ठिपक्यांची रांगोळी खुलून दिसते. चमकणारा जिलेटिन कागद मी आणत नाही. तो आवाज करतो, फाटतो आणि थेट कचऱ्यात जातो.

## ५. डबा भरणे

मुख्य नियम एकच: पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. वरून गार लागलं तरी ढिगाच्या मधोमध हात घालून बघा. तिथे ऊब असेल तर तिची वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी खाली उतरतं आणि आधी मऊपणा, मग बुरशी येते.

गोड आणि तिखट एका डब्यात कधीच नाही, मध्ये कागदाची भिंत घातली तरी नाही. लाडवातला ओलावा चिवडा ओढून घेतो आणि लसूण-हिंगाचा वास तूप ओढून घेतं. कप्प्यांची देखणी खोकी मिळतात, त्यांना एकच मोठं झाकण असतं, म्हणजे आतली हवा एकच. ती खोकी त्याच दिवशी खाल्ल्या जाणाऱ्या फराळासाठी ठीक आहेत. बाकी वेळी प्रत्येक पदार्थाची वेगळी बंद पिशवी किंवा वेगळा डबा, आणि मग ते सगळे एका मोठ्या खोक्यात.

चकल्यांसाठी त्यांच्या व्यासाइतकाच उभा गोल डबा शोधा. एकावर एक रचा, दर दोन चकल्यांमध्ये बटर पेपरची चकती, वर उरलेल्या जागेत चुरगळलेला बटर पेपर. करंज्या आडव्या रचू नका, पोट खाली आणि मुरड वर अशा उभ्या, एकमेकींना टेकवून लावा. लाडू कागदी वाटीत, फार तर दोन थर. पिशवीतला चिवडा सगळ्यांत शेवटी कडेकडेने सारा. तो हलका असतो, दाबला गेला तरी बिघडत नाही आणि बाकीच्यांना उशीचं काम देतो.

मग खोका कानाशी धरून हलवा. खडखड आली तर उघडा आणि पोकळ्या भरा.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या तर खाद्यपदार्थांसाठी म्हणून मिळणाऱ्याच. बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या नकोत. लहान मूल असलेल्या घरी पाठवताना मी त्या अजिबात घालत नाही.

## ६. कापड, कागद, टोपली

इथे मन लावून काम करा, कारण भेटीचा अर्धा आनंद उघडण्यात आहे. फक्त एक कसोटी लावा: फराळ संपल्यावर ही बांधणी त्या घरात कशाच्या उपयोगी पडेल?

या कसोटीला खणाचं कापड सगळ्यांत चांगलं उतरतं. ब्लाउजपीस आपण देतोच, मग त्यातच डबा बांधून द्यावा. मोजमाप असं: कापडाचा कर्ण डब्याच्या लांब बाजूच्या तिप्पट असावा. ८० सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याचा कर्ण साधारण ११३ सेंटिमीटर भरतो, त्यात ३५ सेंटिमीटरपर्यंतचा बसका डबा बांधता येतो. डबा उंच असेल तर मोठं कापड घ्या. कापड चौकटच्या पत्त्यासारखं, एक टोक आपल्याकडे करून पसरा, डबा मधोमध ठेवा. आपल्याकडचं आणि समोरचं टोक डब्यावर घेऊन घट्ट दुमडा, मग डावं-उजवं टोक वर आणून दोनदा गाठ मारा. दुसरी गाठ पहिलीच्या उलट दिशेने मारली की ती सपाट बसते आणि डबा उचलला तरी सुटत नाही. काठ वर दिसायला हवा असेल तर तो दुमडायच्या टोकांवर येईल असं कापड आधीच फिरवून घ्या.

नव्या खणाचा रंग जातो. कापड आणि डबा यांच्यात कोरा कागद ठेवा आणि डब्याला बाहेरून तेलाचं बोट लागलेलं नाही हे पुसून बघा.

जुन्या सुती साडीचे चौकोन, नऊवारीचे काठ, घरात कुणी विणलेले क्रोशाचे रुमाल हेही तितकेच सुंदर दिसतात. ताटावर क्रोशाचा रुमाल टाकून शेजारी फराळ नेणं ही आपली जुनीच रीत आहे, आणि चार घरं सोडून राहणाऱ्यांना तसंच ताट न्यावं असं मला वाटतं. तिथे खोक्याची गरज नाही.

बुरुडांकडून घेतलेली बांबूची छोटी टोपली किंवा सुपली भेटीला छान दिसते आणि नंतर कांदे-लसूण ठेवायला कामी येते. घेतल्यावर दिवसभर उन्हात ठेवा, कारण नव्या बांबूत ओल असते. आत फराळ बंद पिशव्यांतच ठेवायचा. झेंडू, आंब्याची पानं, शेवंती यांनी सजवणार असाल तर दाराबाहेर पडताना खोवा. रात्रभर ठेवलेलं फूल कापडावर डाग पाडतं.

## ७. चिठ्ठी

सुंदर अक्षर नसलं तरी चालेल, पण ही माहिती हवी: पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, आणि त्यात शेंगदाणा, काजू, तीळ, गहू, दूध यांपैकी काय आहे. पदार्थाच्या पिशवीवर नावाची चिठ्ठी बाहेरून लावा, आत टाकू नका.

स्टीलचा डबा भेट म्हणूनच देत असाल तर 'डबा तुमच्याचकडे राहू द्या' असं लिहा. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. ज्यांना ते जमणार नाही अशा आजी-आजोबांना हे एक वाक्य मोकळं करतं.

## ८. परदेशी पाठवायचं असेल तर

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि फराळ वाया जातो, म्हणून सावकाश वाचा.

करायला घेण्याआधी त्या देशाचे नियम बघा. प्रत्येक देशाच्या कृषी किंवा सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अन्नाची यादी असते. ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठायांबाबत फार कडक आहे. ब्रिटनमध्येही आपल्याकडून टपालाने जाणाऱ्या दुग्धजन्य पदार्थांवर बंदी आहे. म्हणून परदेशच्या डब्यात पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या नकोत, आणि शंकरपाळे दुधाऐवजी पाण्यात भिजवा. तुपाबद्दल त्या देशाच्या यादीत काय लिहिलंय ते वेगळं तपासा.

खसखस. करंजीच्या सारणात आणि अनारशावर ती आपण सवयीने घालतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. दुबईच्या भाचीला पाठवायच्या करंजीत चिमूटभरही नको, आणि कुणी हातात घेऊन जाणार असेल तरी नको. सारणाला दाटपणा हवा तर भाजलेला रवा किंवा तिळाचं कूट घाला.

खोबऱ्याच्या वाट्या. विमानाने जाणाऱ्या पाहुण्याला 'जाता जाता याही ने' म्हणून सुकं खोबरं देऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि विमानतळावर काढून घेतात.

झाडपाला. पत्रावळ, बांबूची टोपली, वाळका पेंढा, फुलं यांतलं काहीही परदेशच्या खोक्यात नको. कापड आणि कागद चालतो.

अमेरिका. तिथे बाहेरून येणाऱ्या अन्नाची एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला, पूर्वसूचना द्यावी लागते. मात्र एखाद्याने स्वतःच्या घरी केलेला आणि तिथल्या व्यक्तीला वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला पदार्थ यातून वगळलेला आहे. त्यात बाजारातून आणलेलं भाकरवडीचं एक पाकीट टाकलंत तर त्या पाकिटाला ही सूट लागू होत नाही. घरचं ते घरचंच ठेवा, आणि कागदावर 'घरी केलेले खाद्यपदार्थ, वैयक्तिक भेट, विक्रीसाठी नाही' हे इंग्रजीत स्पष्ट लिहा. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे, त्यामुळे आता भेटीवर किती शुल्क लागेल आणि ते कोण भरणार, हे पैसे देण्याआधी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या.

वजनाचा हिशेब. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चा खोका ७.२ किलो धरला जातो, आत चार किलोच फराळ असला तरी. चिवडा इथेच महाग पडतो. खोका भरून झाल्यावर मोकळी उंची कापून खाली आणा, बराच फरक पडतो. दोन-तीन ठिकाणचे दर विचारा, टपाल खात्याचा इंटरनॅशनल स्पीड पोस्टचा दरही त्यात धरा.

लागणारी कागदपत्रं:

- पाठवणाऱ्याच्या आधार किंवा अन्य ओळखपत्राची प्रत
- घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड, तिथला चालू फोन नंबर आणि ईमेल
- पदार्थांची इंग्रजी यादी: नाव, वजन, अंदाजे किंमत (नुसतं 'स्नॅक्स' लिहिलं की खोका उघडला जातो, 'फ्राइड राइस-फ्लोअर स्नॅक, चकली' असं लिहा)
- टपाल खात्याने पाठवत असाल तर सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ अर्ज. तो टपाल कार्यालयात मिळतो

खोका दुकानात नेताना चिकटपट्टी लावून बंद करू नका. तिथे तपासून मगच बंद करतात. म्हणून परदेशच्या डब्याला बाहेरून कापडाची गाठ बांधण्यातही अर्थ नाही. खण घडी करून आत ठेवा.

दिवाळीच्या तोंडावर मालाची गर्दी होते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या तीन आठवडे आधी पार्सल निघालेलं बरं. म्हणजे परदेशचा फराळ घरच्या फराळाच्या आधी करायचा.

## ९. पोचल्यावर

पाठवलेल्या घरी एक निरोप द्या: खोका आल्याबरोबर उघडा, पिशव्या फुटल्या नाहीत ना बघा, आणि चिवडा-चकली लगेच कोरड्या डब्यात काढा. चकली किंवा चिवडा सादळला असेल तर ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर आठ-दहा मिनिटं ठेवायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच खायचा. गरम असताना तो मऊच लागतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तो बाहेरून चिवट आणि आतून करपट होतो. फुटलेल्या लाडवांवर चमचाभर गरम तूप टाकून पुन्हा वळता येतात. खवट वास आला किंवा कुठे पांढुरकी-हिरवी बुरशी दिसली, तर तो पदार्थ संकोच न करता टाकून द्यायला सांगा.